आकाशातील मळा आणि जमिनीवरील कायदा

(आपल्या मंडळाच्या खुलताबाद येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



माळी समाजाचा मेळावा भरला म्हणजे बियाणे, पाणी आणि बाजार या तीन विषयांवाचून चौथा विषय सहसा निघत नाही, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय वाचून अनेकांच्या भुवया उंचावल्याचे माझ्या कानी आले आहे. अंतराळात झाडे लावण्याचा आणि खुलताबादच्या मळ्यांचा संबंध काय, असा त्यांचा प्रश्न आहे. माझा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे मी प्रश्नाला सरळ उत्तर देणार नाही, असे आपण गृहीत धरले असेल. परंतु येथे ते देतो. हा विषय वस्तुतः बियाण्याचाच आहे, म्हणजे आपल्या तीन विषयांपैकी पहिलाच आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून आपल्या अंतराळ संशोधन संस्थेचे पीएसएलव्ही-सी६० हे अग्निबाण उडाले. उपग्रह कक्षेत सोडून दिल्यावर अग्निबाणाचा जो चौथा टप्पा रिकामा राहतो, तो एरवी निरुपयोगी होऊन फिरत राहावयाचा. त्यालाच प्रयोगांचे फलाट बनविण्याची युक्ती आपल्या शास्त्रज्ञांनी काढली आहे. त्या फलाटावर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने तयार केलेली एक बंद पेटी होती आणि त्या पेटीत चवळीचे आठ दाणे होते. चौथ्या दिवशी दाण्यांना मोड आले. त्यानंतर पानेही फुटली. जमिनीपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर उंचीवर, जेथे मुळाला खाली कोठे जावे आणि शेंड्याला वर कोठे जावे हे कळण्याची सोय नाही, तेथे चवळी रुजली. पुढे ४ एप्रिल २०२५ रोजी तो टप्पा वातावरणात शिरून हिंदी महासागरात संपुष्टात आला.

त्याच फलाटावर आपल्या महाराष्ट्राचाही वाटा होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. पनवेलजवळील ॲमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा गोळा एका लहान पेटीत घालून पाठविला होता आणि तसाच दुसरा गोळा जमिनीवर ठेवून दोहोंच्या वाढीची तुलना करण्याचे योजिले होते. त्यानंतर सहा महिन्यांनी, २५ जून २०२५ रोजी, शुभांशु शुक्ल हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले. त्यांनी तेथे मूग व मेथी यांना मोड आणले. हा प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा व तेथील आय.आय.टी.चा. केरळ कृषी विद्यापीठाचे भात, चवळी, तीळ, वांगे व टोमॅटो यांचे बी देखील त्याच प्रवासात होते. १५ जुलै रोजी शुक्ल परत आले. त्या बियांच्या पुढील कित्येक पिढ्या जमिनीवर वाढवून त्यांच्यात काही फरक पडला की काय, हे पाहावयाचे आहे. चवळी, पालक, मूग, मेथी, वांगे! ही यादी वाचताना आपल्या मंडईतील सकाळची पाटी वाचल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच मला या विषयात पडावेसे वाटले.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. आठ दाण्यांना मोड आणण्यासाठी अग्निबाण कशाला, आमच्या घरी ओल्या फडक्यात एका रात्रीत येतात, असे आमच्या वाड्यातील एक आजीबाई म्हणाल्या. आजीबाईंचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. २०१६ च्या एप्रिलात ज्या मराठवाड्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. याच गावात, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात, शिष्यांच्या निर्वाहासाठी जमिनीतून चांदीची झाडे उगवत असत अशी जुनी आख्यायिका आहे. अंतराळातील मळा हे तसलेच चांदीचे झाड ठरेल काय? माझे मत असे की चवळीच्या पेटीपुरता आक्षेप टिकत नाही, कारण ती पेटी फेकून द्यावयाच्या टप्प्यावर बसून गेली. परंतु ‘याचा लाभ शेवटी शेतकऱ्यालाच होईल’ हे जे वाक्य प्रत्येक वेळी ऐकविले जाते, ते मात्र मी पुराव्यावाचून मान्य करणार नाही. अंतराळ स्थानकावर घाम, मूत्र व हवेतील बाष्प यांतून ९८ टक्के पाणी परत मिळविल्याचे २०२३ साली जाहीर झाले. ते कौशल्य आपल्या बांधापर्यंत कधी आणि कोणत्या किमतीत पोहोचेल, हे सांगणारा अजून कोणी भेटलेला नाही.

आता कायद्याकडे वळतो. शेती म्हटली की पहिला प्रश्न जमिनीचा. त्या प्रश्नाची चर्चा करण्यास खुलताबादसारखे दुसरे गाव नाही, कारण ज्याने दख्खनमध्ये जमिनीची मोजणी करून धारा बसविला तो मलिक अंबर याच मातीत विसावला आहे. पुढे निजामाचे राज्य गेले आणि १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. त्या कायद्याने संरक्षित कूळ म्हणजे कोण हे ठरविले आणि कसणाऱ्या हाताला जमिनीचा हक्क मिळण्याची वाट मोकळी केली. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या सातबाऱ्याचा उगम त्या कायद्यात आहे.

चंद्रावर मात्र सातबारा नाही. १९६७ साली जो बाह्य अंतराळ करार झाला, आणि ज्याला आपल्या देशाने १९८२ साली पूर्ण मान्यता दिली, त्याच्या दुसऱ्या कलमानुसार चंद्र किंवा दुसरा कोणताही आकाशस्थ गोल कोणत्याही राष्ट्राला आपला म्हणता येत नाही. ताबा दाखवूनही नाही, वहिवाट दाखवूनही नाही. म्हणजे तेथे शंभर वर्षे मळा पिकविला तरी कसणारा मालक होणार नाही. आपल्या भाषेत बोलावयाचे तर तो सदैव कूळच राहणार. मग जमीनदार कोण? करार म्हणतो की अंतराळ ही साऱ्या मानवजातीची बाब आहे. या जमीनदाराला खंड कसा पोचवावयाचा, हे ठरविण्याचा प्रयत्न १९७९ च्या चंद्र करारात झाला. तेथील संपत्ती हा मानवजातीचा सामायिक वारसा असून तिच्या लाभाची वाटणी सर्वांत व्हावी, असे त्यात म्हटले होते. आपण त्यावर १९८२ साली सही केली, परंतु त्याला अंतिम मान्यता दिली नाही. अमेरिका, रशिया व चीन यांनी तर त्यात भागच घेतला नाही. खंडाची गोष्ट तेथेच थांबली.

२०२३ च्या जूनमध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस संकेतांवर सही केली. त्यांत म्हटले आहे की चंद्रावरील वस्तू उपसून वापरणे म्हणजे चंद्र बळकावणे नव्हे, आणि एकमेकांच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून कामाच्या जागेभोवती सुरक्षेचे क्षेत्र आखता येईल. हे वाचून मला आपल्याकडील गायरानाची आठवण झाली. गायरानात कोणी मालक नसतो; पण ज्याने प्रथम काटेरी कुंपण घातले त्याला उठविताना तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सर्वांची कशी दमछाक होते, ते येथे बसलेल्या सरपंचांना विचारावे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ आहे असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. मळा जेथे पाणी तेथेच होणार आणि पाण्याच्या जागा मोजक्याच असणार. कुंपण कोण आधी घालतो, एवढाच प्रश्न मग उरेल.

जमीन राहू द्या, पिकाचे काय? याच कराराचे आठवे कलम सांगते की ज्या राष्ट्राने यानाची नोंद केली, त्याचाच अधिकार त्या यानावर व त्यातील माणसांवर चालतो. यास्तव आपल्या अग्निबाणाच्या टप्प्यावरील चवळी भारताच्या अधिकारात होती, यात वाद नाही. पण अधिकार चालणे वेगळे आणि एखादा विशिष्ट कायदा लागू असणे वेगळे. अमेरिकेने १९९० साली आपल्या पेटंट कायद्यात स्वतंत्र कलम घालून, अमेरिकी यानावर लागलेला शोध अमेरिकेतच लागला असे समजावे, असे लिहून ठेवले. आपल्या पेटंट कायद्यात तसे कलम नाही. २०२३ साली भारतीय अंतराळ धोरण जाहीर झाले आहे. परंतु न्यायालयात उभे राहिल्यावर धोरण व कायदा यांतील अंतर किती असते, हे वकिलाला निराळे सांगावे लागत नाही.

अंतराळ स्थानकाचा प्रकार आणखी गुंतागुंतीचा आहे. १९९८ च्या ज्या करारावर ते उभे आहे त्याच्या एकविसाव्या कलमानुसार, शोधांच्या हक्कापुरता स्थानकाचा प्रत्येक कक्ष हा ज्या राष्ट्राने नोंदविला त्याचा प्रदेश समजला जातो. एक दार ओलांडले की अमेरिका संपते आणि जपान लागते! आपण त्या करारात भागीदार नाही. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमाने वनस्पती, बियाणे व वाण यांवर पेटंट देण्यास स्पष्ट मनाई आहे. अमेरिकेत मात्र वनस्पतींवरही पेटंट मिळू शकते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ठरविले. मूग तोच, मोड तेच. पण कोणत्या कक्षात ते आले यावर हक्काचे पुष्कळसे गणित अवलंबून राहील. धारवाडच्या प्रयोगात असा काही तंटा उद्भवला असे मी सुचवीत नाही. त्यातील हेतू शुद्ध ज्ञानाचा आहे. मी बोलतो ते पुढील वीस-पंचवीस वर्षांविषयी.

आता ज्यासाठी एवढा प्रपंच केला त्या मुद्द्यावर येतो. अंतराळातील किरणांमुळे बियांच्या अंतरंगात बदल होतात. त्यांतील बहुतेक निरुपयोगी, काही घातक आणि एखादा मोलाचा असतो. हा मार्ग आपल्याला अगदी अपरिचित नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्या साहाय्याने भुईमूग, मूग, उडीद यांचे वाण निर्माण केले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर १९८५ साली दिलेला ‘टीएयू-१’ हा उडीद विदर्भ-मराठवाड्यात घरोघर पेरला गेला, आणि ‘हे अणूचे बी’ म्हणून कोणी त्याची भीती बाळगली नाही. चीनने १९८७ पासून बियाणे उपग्रहांतून पाठविण्याचा क्रम ठेवला आणि त्यातून ‘लुयुआन ५०२’ नावाचा गहू शेतात आणला. २०२२ च्या नोव्हेंबरात तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व अणुशक्ती या दोन संस्थांनी मिळून ज्वारीचे बी अंतराळ स्थानकाकडे पाठविले. ज्वारीचे, म्हणजे आपल्या भाकरीचे! हे बी आमच्या कोठारातून गेले असे मी म्हणत नाही. पण उद्या जाईल, हे म्हणण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही.

समजा, एखाद्या घराण्याने चार पिढ्या एक वांगे जपले आहे. काटे कमी, साल पातळ, पाणी थोडे लागते. त्याचे बी एखाद्या संस्थेने मागितले. आपल्या लोकांचा स्वभाव असा की बी मागणाऱ्याला नाही म्हणणे हे अशुभ. ते बी अंतराळात जाऊन आले. त्यात एक गुण बदलला, बाकी सारे वांगे तेच राहिले. हे नवे वाण कोणाचे?

आपला २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा या बाबतीत जगातील पुष्कळ कायद्यांपेक्षा उदार आहे. त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमाने शेतकऱ्याला बी राखणे, पेरणे, अदलाबदल करणे व छापील नाममुद्रेशिवाय विकणे यांचा हक्क दिला आहे. चाळिसाव्या कलमाने, ग्रामीण वा आदिवासी कुटुंबांनी जपलेले मूळ वाण वापरले असेल तर नव्या वाणाच्या नोंदणीच्या अर्जात ते सांगणे बंधनकारक केले आहे. आणि त्रेचाळिसावे कलम म्हणते की शेतकऱ्यांच्या वाणापासून मुख्यत्वे निघालेल्या वाणासाठी, ते मूळ वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांची संमती पाहिजे. हे तिसरे कलम आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे. बदल तुर्भ्याच्या किरणाने झाला की आकाशातील किरणाने झाला, याने संमतीच्या प्रश्नात काही फरक पडू नये असे माझे ठाम मत आहे. वांगे चार पिढ्यांनी घडविले. किरणाने त्याला फक्त टोचा मारला.

परंतु या कायद्याची हद्द भारताची हद्द आहे. तेच वाण परदेशी नोंदविले गेले तर त्रेचाळिसावे कलम तेथे चालणार नाही. तेथे २००२ चा जैवविविधता कायदा थोडाबहुत उपयोगी पडतो, कारण भारतातील जैविक संपत्तीवर आधारलेल्या शोधाचा हक्क मागण्यासाठी त्याच्या सहाव्या कलमानुसार आपल्या राष्ट्रीय प्राधिकरणाचा संबंध येतो. पण त्याच कायद्याचे पाचवे कलम पाहावे. सरकारच्या मार्गदर्शनानुसार मान्य झालेल्या, भारतीय व परदेशी संस्थांच्या सहकार्याच्या संशोधनाला बी बाहेर नेण्याच्या परवानगीतून सूट आहे. अंतराळातील प्रयोग बहुधा याच प्रकारचे असतात. म्हणजे शास्त्रज्ञांची वाट सुकर झाली, हे चांगलेच झाले. पण ज्याच्या कणगीतून बी निघाले त्याला विचारण्याचा एक टप्पा त्याबरोबर गळला. शास्त्रज्ञाला अडवू नये आणि शेतकऱ्याला वगळू नये, असा मार्ग काढणे काही अशक्य नाही. बी घेताना एक पानी करार आणि पुढे लाभ झाल्यास वाटा, एवढ्याने भागेल. त्यात अवघड असे काही असेल तर इच्छा नसणे एवढेच.

हक्क कागदावर असला तरी तो वापरताना काय होते, हे गुजरातच्या बटाट्याच्या प्रकरणाने दाखविले. २०१९ साली पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणासाठी तेथील काही शेतकऱ्यांवर दावे लावले, त्यांतील काहींकडून प्रत्येकी कोटीहून अधिक रुपये मागितले, आणि देशभर ओरड झाल्यावर मागे घेतले. पुढे २०२१ च्या डिसेंबरात प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली; २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी तो निर्णय उचलून धरला; २०२४ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तो फिरविला. एका बटाट्याने पाच वर्षे घेतली, आणि तो जमिनीखालचा होता!

नीतीचा विचार याहून खोल जातो; मी त्यातील दोनच गोष्टींना स्पर्श करतो. ३ जानेवारी २०१९ रोजी चीनचे यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूस उतरले. त्यातील बंद डब्यात कपाशीचे बी रुजले. दुसऱ्या जगावर उगवलेले ते पहिले रोप. आणि ते कपाशीचे, हे ऐकून मराठवाड्याचे मन हलल्याशिवाय राहत नाही. चंद्राची रात्र आपल्या चौदा दिवसांची असते. ती पडताच थंडीने रोप मेले. डबा बंद होता म्हणून काही बिघडले नाही. परंतु करारातील नवव्या कलमाने जे अपायकारक संसर्ग टाळण्याचे बंधन घातले आहे, त्याचा उघड्या मळ्याशी मेळ कसा घालावयाचा? मंगळावर जर पूर्वीपासून सूक्ष्म जीव असतील तर आपल्या मातीतील जंतू तेथे नेऊन त्यांचा नाश करण्याचा अधिकार आपणांस आहे काय? गाजरगवत आपल्याकडे कसे आले आणि त्याने आपल्या पडीक रानांचे काय केले, हे पाहिलेल्या माणसाने या प्रश्नाला हसू नये.

दुसरी गोष्ट अन्नाची व श्वासाची. २०१५ च्या ऑगस्टात अंतराळवीरांनी स्थानकावर पिकलेली लाल सॅलडची पाने प्रथमच उघडपणे खाल्ली. त्याआधीच्या वर्षीचे पीक तपासणीसाठी जमिनीवर धाडावे लागले होते. २०२३ साली तेथे टोमॅटो पिकला तेव्हा फ्रँक रुबियो या अंतराळवीराच्या वाट्याचा लहानसा टोमॅटो हरवला. त्यानेच तो खाल्ला, अशी सोबत्यांची थट्टा चालली. तो बिचारा जमिनीवर परतल्यावर, डिसेंबरात, सुकलेला टोमॅटो सापडला आणि आरोपी निर्दोष सुटला. हकीकत गमतीची आहे; तथापि जेथे एका टोमॅटोचाही हिशोब ठेवावा लागतो तेथे उद्या पन्नास माणसांची वस्ती झाली, आणि त्यांचे अन्न व त्यांची हवा त्या मळ्यावर अवलंबून राहिली, म्हणजे बियाण्याचा धनी हा त्यांच्या प्राणाचा धनी होईल. दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागणे म्हणजे काय, हे कपाशीच्या बाबतीत आपण २००२ पासून पाहत आहोत. जमिनीवर निदान शेजाऱ्याकडे पायली उसनी मागता येते. म्हणून बी राखण्याचा जो हक्क आपल्या एकोणचाळिसाव्या कलमात आहे, तो अंतराळाविषयी जो कायदा आपला देश पुढे करील त्यात शब्दशः उतरला पाहिजे, असे मला वाटते. ज्या जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांच्या समाजाने ही मागणी केली तर ती कोणास अनाठायी वाटू नये.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे ते सांगून थांबतो. शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी करण्यास फी पडत नाही. अर्जावर गावच्या जैवविविधता समितीची, जिल्हा कृषी अधिकाऱ्याची किंवा कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकाची शिफारस चालते. झाडे व वेली यांना अठरा वर्षे आणि इतर पिकांना पंधरा वर्षे संरक्षण मिळते. येथील किती घरांत स्वतःच्या वांग्याचे, दोडक्याचे, वालाचे बी राखले जाते याची मोजदाद मंडळाच्या चिटणिसांनी दिवाळीपूर्वी करावी. ज्यांना अर्ज करावयाचा असेल त्यांनी वाणाचे नाव, किती पिढ्यांपासून आहे, कोणी दिले, रंग, काटा, किती दिवसांत फळ येते, हे एका कागदावर लिहून आणावे. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारल्यावाचून हा कागद पुरा होणार नाही. अर्ज लिहून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. दर रविवारी सकाळी मी मंडळाच्या कचेरीत बसेन. येताना बी मात्र आणू नये, फक्त माहिती आणावी.